मोगऱ्याच्या चहाची कुल्फी घरी करताना

उन्हाळा लागला की मोगऱ्याचा चहा नेणारे ग्राहक विचारतात, याची कुल्फी होते का? उत्तम होते. अट एकच: हा चहा दुधात उकळायचा नाही.

चीनमधल्या फूचौ शहराची ही जुनी रीत. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी खुडतात आणि रात्री उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या पानांत मिसळतात. रात्रभरात पाने सुगंध शोषून घेतात, मग कोमेजलेली फुले चाळून काढतात. उंची चहाला असे ताज्या फुलांचे थर पुन्हा पुन्हा देतात. म्हणून पाकिटात पाकळ्या दिसल्या नाहीत तरी माल हलका समजू नये. पानांत मुरलेला हा सुगंध फार नाजूक असतो. उकळी आली की तो वाफेबरोबर जातो आणि दुधात उतरतो तो तुरट कडवटपणा.

थंड क्रीममध्ये मात्र तो छान उतरतो, कारण सुगंध स्निग्धांशात चटकन मुरतो. 250 मिली फ्रेश क्रीममध्ये 12 ग्रॅम चहा घालून, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. पाने बरेच क्रीम धरून ठेवतात, तेव्हा पुरचुंडी हलकेच दाबा; करकचून पिळली तर तुरटपणा येतो.

800 मिली म्हशीचे दूध मंद आचेवर, कडेची साय खरवडत, निम्मे होईपर्यंत आटवा. त्यात 100 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ विरघळवा. दूध पूर्ण गार झाल्यावरच क्रीम मिसळा. इथे घाई केली तर रात्रभराची मेहनत वाया जाते. वेलची, केशर घालू नका, मोगरा त्यांच्याखाली दबतो. मिश्रण चाखताना जरा जास्त गोड लागले पाहिजे, कारण गोठल्यावर गोडी कमी जाणवते. साखर कमी केली तर कुल्फीत बर्फाचे खडे होतात.

साच्यांना घट्ट झाकण हवेच. फ्रीजरमधल्या मासळीचा वास दुधाच्या पदार्थाला लगेच लागतो. आठ तासांत कुल्फी जमते. चहातले कॅफीन यात उतरते, त्यामुळे लहान मुलांना रात्री देऊ नका.

आमचा जास्वंदीचा चहा या कृतीत वापरू नका. तो आंबट असल्याने दूध फाटते. त्याचा पाण्यात काढा करून, साखर घालून बर्फाची कांडी करा, ती सुरेख लाल होते.