इटालियन कथांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांतील आर्ष भाषा

चौदाव्या ते सतराव्या शतकांत इटलीत लिहिल्या गेलेल्या गद्यकथा इंग्रजीत येऊ लागल्या त्या सोळाव्या शतकापासून. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत झालेल्या या भाषांतरांत आजच्या इंग्रजीतून नाहीसे झालेले शब्द, सर्वनामे, क्रियारूपे आणि वाक्यांची वळणे पानोपानी भेटतात. या आर्षतेचे दोन वेगळे प्रकार आहेत. १५६६ किंवा १६२० सालच्या भाषांतरकाराने आपल्या काळाची चालती इंग्रजी लिहिली आणि ती पुढे जुनी झाली. १८८६ किंवा १९०३ सालच्या भाषांतरकाराने मात्र स्वतः कधीही न बोललेली भाषा जुन्या ग्रंथांतून वेचून मुद्दाम घडवली. छापील पानावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून वाचक त्यांना एकाच मापाने मोजतो. अस्सल बखर आणि विसाव्या शतकात बखरीच्या वळणावर लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी यांत जो फरक मराठी वाचकाला चटकन जाणवतो, तोच येथे आहे.

इंग्लंडमध्ये इटालियन कथांचा पहिला मोठा साठा उघडला तो विल्यम पेंटर याने. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचा हा कारकून. त्याच्या ‘पॅलेस ऑफ प्लेझर’ या संग्रहाचा पहिला भाग १५६६ मध्ये ६० कथांसह आणि दुसरा १५६७ मध्ये ३४ कथांसह निघाला. बोकाच्चो आणि बांदेल्लो या इटालियन कथाकारांच्या कथा त्यात आहेत. बांदेल्लोच्या कथा बऱ्याचदा फ्रेंच रूपांतरावरून घेतलेल्या. रोमिओ-ज्युलिएटची कथा त्यात आहे, आणि शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’च्या मुळाशी असलेली नार्बोनच्या जिलेत्ताची कथाही. या लाटेवर चिडून रॉजर आस्कम याने ‘स्कूलमास्टर’ या १५७० साली निघालेल्या ग्रंथात इटालियनमधून आलेली ‘फाँड’ पुस्तके लंडनच्या दुकानादुकानांत विकली जातात, अशी तक्रार केली. आजचा वाचक ‘फाँड’चा अर्थ प्रेमळ, लाडका असा लावील, आस्कमला म्हणायचे होते मूर्खपणाची. जुन्या भाषांतरांतील खरी अडचण अशा शब्दांची आहे. जो शब्द अनोळखी दिसतो तो वाचक कोशात पाहतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र त्याला बिनबोभाट फसवतो. ‘प्रेझेंटली’ म्हणजे तेव्हा ‘थोड्या वेळाने’ नव्हे, तर ‘लगेच’. ‘डिस्कव्हर’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी ‘उघड करणे’. ‘नॉव्हेल’ म्हणजे कादंबरी नव्हे. इटालियन ‘नोव्हेला’वरून आलेला हा शब्द छोट्या कथेसाठी होता.

जोव्हान्नी बोकाच्चो (१३१३–७५) याच्या ‘देकामेरोन’चे, म्हणजे दहा दिवसांत रोज दहा अशा सांगितलेल्या शंभर कथांच्या ग्रंथाचे, जवळजवळ संपूर्ण असे पहिले इंग्रजी भाषांतर १६२० मध्ये आयझॅक जॅगर्ड याने छापले. तीन वर्षांनी शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ, छापण्यात त्याचाच हात होता. शंभर ‘आनंददायक नॉव्हेल्स’, सात मान्यवर स्त्रिया व तीन उमराव यांनी चातुर्याने सांगितलेल्या, असे शीर्षकपानच सांगते. भाषांतरकाराचे नाव मात्र पुस्तकावर नाही. माँतेन्य या फ्रेंच लेखकाचे निबंध इंग्रजीत आणणारा आणि १५९८ मध्ये इटालियन-इंग्रजी कोश सिद्ध करणारा जॉन फ्लोरिओ हाच तो असावा, असे मत विसाव्या शतकात हर्बर्ट राइट या अभ्यासकाने मांडले आणि ते बहुधा स्वीकारले जाते. हे भाषांतर थेट बोकाच्चोवरून उतरलेले नाही. मूळ ग्रंथ १५५९ मध्ये चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला होता. सालव्हिआती याने १५८२ साली काढलेली त्याची शुद्धिकृत आवृत्ती आणि ल मासाँ याचे १५४५ चे फ्रेंच भाषांतर या दोन्हींचा आधार इंग्रजी भाषांतरकाराने घेतला. तिसऱ्या दिवसाची दहावी कथा, म्हणजे अलिबेक आणि रुस्तिको या तपस्व्याची शृंगारिक कथा, त्याने काढून टाकली आणि तिच्या जागी डेन्मार्कच्या राजकन्येची एक वेगळीच कथा घातली. एका शब्दाऐवजी दोन-दोन समानार्थी शब्द ठेवायचे, मध्येच उपदेशाचे वाक्य जोडायचे, ही त्याची सवय. तरीही या गद्यात जिवंतपणा आहे, कारण ही भाषा त्या काळी लंडनमध्ये खरोखर चालत होती. कीट्सने १८१८ मध्ये ‘इझाबेला’ ही काव्यकथा लिहिली, ती याच भाषांतराची १६८४ ची आवृत्ती वाचून.

जुना शब्द गेला की कथेचा गाभाच कसा जातो, याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘गॉसिप’ हा शब्द आहे. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता किंवा जी धर्ममाता होई, त्यांचे मुलाच्या आईबापांशी जे नाते जडे, त्याला इटालियनमध्ये ‘कोम्पारे’ आणि ‘कोमारे’ म्हणत. इंग्रजीत त्यासाठी ‘गॉसिप’ हा नेमका शब्द होता; ‘देवाच्या साक्षीने झालेला नातलग’ अशी त्याची व्युत्पत्ती. चर्चच्या दृष्टीने हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पक्के, आणि त्यात शरीरसंबंध म्हणजे अगम्यगमन. ‘देकामेरोन’च्या सातव्या दिवसाच्या तिसऱ्या कथेतील रिनाल्दो आपल्या आवडत्या स्त्रीजवळ जाता यावे म्हणून तिच्या मुलाचा धर्मपिता होतो. पुढे तो स्वतः मठवासी बनतो आणि तिच्यापुढे तर्क मांडतो: मुलाला जवळचा कोण, मी की ज्याने त्याला जन्म दिला तो तुझा नवरा? नवराच, असे ती म्हणते. मग तो तुझ्याजवळ झोपतो, तर मला काय अडचण, असा त्याचा सवाल. त्याच दिवसाच्या दहाव्या कथेत सिएनाचा तिंगोच्चो मेल्यानंतर मित्राला भेटायला येतो आणि परलोकात ‘कोमारे’च्या बाबतीतल्या पापाची कोणी दखलही घेत नाही, अशी खबर देतो. दोन्ही कथांतला विनोद त्या नात्याच्या पावित्र्यावर उभा आहे. जॉन पेन याच्या १८८६ च्या भाषांतरात रिनाल्दो आपल्या ‘गॉसिप’शी संग करतो, असे कथेचे शीर्षकच सांगते. आजचा वाचक ‘गॉसिप’ म्हणजे चहाड्या करणारी बाई असे समजतो आणि विनोद तर जाऊच द्या, पाप कोणते तेही त्याला कळत नाही. येथे आर्ष शब्द अचूक आहे. गरज आहे ती तळटीपेची.

अठराव्या शतकात वारे बदलले. १७४१ चे निनावी भाषांतर डॉक्टर चार्ल्स बॅल्गी याचे मानले जाते. त्याने सुटसुटीत, समकालीन इंग्रजी वापरली आणि दोन अडचणीच्या कथा गाळल्या. आर्षतेचा त्याला सोस नव्हता.

तो सोस आला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जॉन पेन (१८४२–१९१६) याने व्हियों या फ्रेंच कवीच्या कविता आणि अरबी रात्रींच्या कथा इंग्रजीत आणल्यावर १८८६ मध्ये ‘देकामेरोन’ काढले. व्हियों सोसायटीच्या सभासदांपुरते ते खासगी वितरणासाठी छापलेले होते. काहीही न गाळलेले असे हे पहिले इंग्रजी भाषांतर. ‘दुःखितांविषयी कणव असणे माणुसकीचे आहे’ या बोकाच्चोच्या साध्या पहिल्या वाक्याला पेनकडे ‘ऑल्बीइट’, ‘बिसीमेथ’, ‘एरस्ट’, ‘अफोरटाइम्स’, ‘सर्टिस’ (खचित) असे दागिने चढतात. यांतला एकही शब्द १८८६ साली लंडनच्या रस्त्यावर ऐकू येत नव्हता. पहिल्या कथेच्या शीर्षकात चाप्पेल्लेत्तो मठवाशाला ‘ड्यूपेथ’ आणि मग ‘डाएथ’. मूळ इटालियनमध्ये मात्र ‘फसवतो’ आणि ‘मरतो’ ही रोजची वर्तमानकाळी रूपे आहेत. १९०३ मध्ये जे. एम. रिग याने दोन खंडांत केलेले भाषांतरही याच वळणाचे. अलिबेकच्या कथेतला नाजूक भाग त्याने इटालियनमध्येच ठेवला आणि प्रघाताप्रमाणे तो न भाषांतरता सोडल्याबद्दल क्षमा मागण्याची गरज नाही, अशी टीप दिली. याच दशकांत डब्ल्यू. जी. वॉटर्स याने स्त्रापारोलाच्या ‘आनंददायक रात्री’ (मूळ व्हेनिस, १५५०–५३) इंग्रजीत १८९४ मध्ये आणल्या. त्यालाही जुन्या थाटाची ओढ होती.

असे का झाले, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. मध्ययुगाविषयीचे आकर्षण तेव्हा चित्रकलेपासून छपाईपर्यंत सगळीकडे पसरले होते. जुने पुस्तक जुनेच वाटले पाहिजे, हे मत मातब्बर लोक मांडत होते. फ्रान्सिस न्यूमन याने १८५६ मध्ये होमर मुद्दाम जुनाट इंग्रजीत उतरवला आणि मॅथ्यू आर्नल्डने १८६१ साली छापलेल्या व्याख्यानांतून त्याचे वाभाडे काढले. शिवाय अश्लीलतेविरुद्ध १८५७ चा कायदा होता. सभासदांपुरते छापलेले, महाग आणि प्राचीन भाषेचा पेहराव घातलेले पुस्तक विद्वानांच्या कपाटात शोभे. तीच कथा चालत्या इंग्रजीत स्वस्तात निघाली असती तर ती फौजदारीचा विषय ठरू शकली असती. माझ्या मते हे तिसरे कारण जितके मानले जाते त्याहून वजनदार आहे. या कृत्रिम भाषेला नावही मिळाले. लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर जुने आणि जुन्यासारखे बनवलेले फर्निचर विकले जाई. त्यावरून आर्चिबाल्ड बॅलंटाइन याने १८८८ मध्ये विल्यम मॉरिसच्या ‘ओडिसी’ भाषांतराची परीक्षा करताना तिला ‘वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश’ म्हटले, आणि फाउलरने १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात अशा शब्दांवर स्वतंत्र नोंद केली.

या भाषेने सर्वांत मोठे नुकसान केले ते आवाजांचे. १६११ च्या इंग्रजी बायबलमुळे ‘दाऊ’ (तू) आणि क्रियापदाला लागणारे ‘-एथ’ ही रूपे इंग्रजांच्या कानात प्रार्थनेची झाली होती. बोकाच्चोचे शेतकरी, सरायवाले, थट्टेखोर चित्रकार याच पोथीच्या सुरात बोलू लागले. मुन्योने ओढ्याच्या पात्रात अदृश्य करणारा दगड शोधणारा भोळा कालांद्रीनो आणि त्याला बनवणारे ब्रूनो व बुफ्फाल्माक्को यांची फ्लोरेन्सची गल्लीतली बोली उमरावांच्या संभाषणापासून वेगळी काढता येईनाशी झाली. सहाव्या दिवसाच्या चौथ्या कथेतला कीकीबिओ हा व्हेनिसचा आचारी ब्रुनेत्ताला करकोच्याची तंगडी नाकारताना आपल्या बोलीत गातो, ‘व्होई नॉन लाव्री दा मी’, म्हणजे ‘माझ्याकडून ती तुम्हाला मिळायची नाही’. इंग्रजीत त्याचा व्हेनिशियन हेल उरत नाही.

एका बाबतीत मात्र आर्षतेने खरे काम केले. बोकाच्चोच्या इटालियनमध्ये मराठीतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा ‘तू’ आणि ‘व्होई’ असा भेद आहे. पाचव्या दिवसाच्या नवव्या कथेत फेदेरीगो प्रेमापायी सगळी संपत्ती उधळून बसतो आणि शेवटी आपला एकुलता ससाणा मारून प्रियेला जेवू घालतो. तोच ससाणा आजारी मुलासाठी मागायला आलेली मोन्ना जोव्हान्ना त्याला ‘तू’ म्हणते. तो उत्तर देतो तेव्हा ‘माडोन्ना’ म्हणून ‘व्होई’ वापरतो. वर्षानुवर्षांचे एकतर्फी प्रेम, तिची प्रतिष्ठा आणि त्याची अदब या दोन सर्वनामांत आहे. पेन तिच्या तोंडी ‘दाऊ’ आणि त्याच्या तोंडी ‘यू’ ठेवतो. आधुनिक इंग्रजीत दोघेही एकमेकांना ‘यू’ म्हणतात आणि हे अंतर पुसले जाते. मराठीत ही कथा आणणाऱ्याने इंग्रजीवरून काम केले तर त्याने पेनचे पान शेजारी ठेवावे, म्हणजे कोणाच्या तोंडी ‘तू’ आणि कोणाच्या तोंडी ‘तुम्ही’ हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

पेनच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते. पिएत्रो बेम्बो याने १५२५ मध्ये बोकाच्चोला इटालियन गद्याचा आदर्श ठरवले आणि क्रुस्का अकादमीच्या १६१२ च्या कोशाने त्याच्या शब्दांना प्रमाण मानले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन वाचकालाही ‘देकामेरोन’ जुने आणि भारदस्त वाटे. हे खरे आहे, पण इटालियनने ती भाषा मोडीत काढली नव्हती. ती शाळेत शिकवली जाई. ‘सर्टिस’ला इंग्रजीत असे घर उरले नव्हते. बोकाच्चोची लॅटिन वळणाची, क्रियापदासाठी शेवटपर्यंत ताटकळत ठेवणारी लांब वाक्ये पेनने निष्ठेने सांभाळली, ही त्याची खरी कमाई. तिच्यासाठी जुन्या शब्दांची गरज नव्हती.

जांबात्तिस्ता बाझीले याच्या नेपल्सच्या बोलीतील ‘लो कुंतो दे ली कुंती’ची (१६३४–३६) गत याहून अवघड. शिव्यांच्या लांबलचक माळा, सूर्योदय-सूर्यास्ताची दरवेळी नवी रूपके, म्हणींचा पाऊस, असे हे पन्नास कथांचे पुस्तक. जॉन एडवर्ड टेलरने १८४८ मध्ये त्यातल्या सुमारे तीस कथा घरी वाचण्याजोग्या सोवळ्या करून दिल्या. रिचर्ड बर्टन याचे भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये निघाले. मुंबई लष्करात असताना मराठीची परीक्षा दिलेला आणि १८५१ मध्ये गोव्यावर पुस्तक लिहिणारा हाच तो बर्टन. त्याने काही लपवले नाही, पण आर्ष शब्दांचा ढीग इतका रचला की बाझीलेचा बाजारी खट्याळपणा त्याखाली दबला. नॉर्मन पेंझरचे १९३२ चे भाषांतर क्रोचेच्या १९२५ च्या इटालियन रूपावरून झाले. नॅन्सी कनेपा हिने २००७ मध्ये थेट नेपल्सच्या बोलीवरून चालत्या इंग्रजीत ते नव्याने केले.

‘देकामेरोन’चीही १९७२ मध्ये जी. एच. मॅक्‌विल्यम, १९८२ मध्ये मूसा व बोंदानेल्ला आणि २०१३ मध्ये वेन रेबहॉर्न यांनी आधुनिक भाषांतरे केली. तरीही पेन आणि रिग आजही खूप वाचले जातात. त्यांचे स्वामित्वहक्क संपल्याने ती इंटरनेटवर मोफत मिळतात: पेनचे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर, रिगचे ब्राउन विद्यापीठाच्या देकामेरोन संकेतस्थळावर मूळ इटालियनसोबत. इटालियन न येणारा मराठी वाचकही बहुधा याच दोन दारांनी बोकाच्चोकडे जातो, आणि त्याला भेटणाऱ्या भाषेतली बरीचशी जुनाट झाक चौदाव्या शतकातल्या फ्लोरेन्सची नसून एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची असते.