पार्श्वभूमी: इम्प्लांटभोवतीचे हाड संगणकात कसे मांडले गेले

जबड्यात कृत्रिम दातासाठी स्क्रू (इम्प्लांट) बसवला की भोवतीच्या हाडावर किती भार येतो, हे संगणकावर काढतात. बेळगावात हा विषय दोन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे दंतवैद्यकाचा प्रोस्थो (कृत्रिम दात बसवण्याचा) विभाग आणि दुसरी मेकॅनिकलची संगणक लॅब. एमडीएसच्या (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी जबड्याचे मॉडेल हवे असले की विद्यार्थी इंजिनिअरिंगवाल्यांना गाठतो. राज्याचे तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. उद्यमबाग या औद्योगिक भागात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. त्यामुळे मेश (आकाराचे तुकड्यांचे जाळे), लोड (भार), बाउंड्री कंडिशन (वस्तू कुठे घट्ट धरली आहे) ही भाषा इथे कुणाला नवी नाही.

जुना भाग थोडक्यात. फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे वस्तूचे लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढणे, १९५० च्या दशकात विमानाच्या पंखांच्या गणितातून वर आली आणि तिला हे नाव १९६० मध्ये मिळाले. टायटॅनियमला हाड धरते हे १९५० च्याच दशकात सशाच्या हाडात दिसले होते. माणसाच्या जबड्यात असा पहिला इम्प्लांट १९६५ मध्ये बसला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही वाटा एकत्र आल्या आणि इम्प्लांटभोवतीचा स्ट्रेस (अंतर्गत ताण) संगणकावर काढला जाऊ लागला.

त्याच सुरुवातीच्या काळात एक गोष्ट ठरली आणि ती पुढे कायम झाली: इम्प्लांट आणि हाड एकमेकांना शंभर टक्के चिकटलेले धरायचे. त्या वेळी याला सबळ कारण होते. घर्षणाचा संपर्क धरला की गणित नॉनलिनिअर होते (भार आणि परिणाम सरळ प्रमाणात राहत नाहीत), उत्तर पुन्हा पुन्हा फिरवून काढावे लागते, आणि त्या काळच्या यंत्रांना ते झेपणारे नव्हते. पण यंत्रे मोठी झाली तरी सवय सुटली नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘बाँडेड’ (पूर्ण चिकटलेले) हा पर्याय आधीच निवडलेला असला की तो बदलायला फारसे कुणी जात नाही.

फरक किती पडतो, हे उद्यमबागेतल्या फिटरला विचारावे. वेल्ड केलेला शाफ्ट आणि नुसता दाबून बसवलेला शाफ्ट भाराखाली सारखे वागत नाहीत. इम्प्लांट बसवला त्या दिवशी हाड त्याला फक्त दाबून आणि घर्षणाने धरते, ओढ सहन करत नाही. त्याच दिवशी वर दात बसवायचा असेल तर प्रश्न एकच असतो: इम्प्लांट किती हलतो? ही हालचाल साधारण १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. बाँडेड मॉडेलमध्ये पृष्ठभागावरची ही हालचाल गृहीतकानेच शून्य असते. म्हणजे जे मोजायचे तेच आधी पुसलेले. माझ्या मते अशा मॉडेलवरून तत्काळ भाराबद्दल (त्याच दिवशी दात बसवण्याबद्दल) निष्कर्ष काढूच नयेत. महिन्यांनी हाड भरून आल्यानंतरच्या अवस्थेसाठी ते चालते, तेही सावधपणे, कारण तेव्हाही हाडाचा संपर्क शंभर टक्के क्वचितच असतो.

दुसरी सवय आकड्यांची. हाडाच्या बाहेरच्या कठीण थराला १३.७ गिगापास्कल (कडकपणाचे माप) आणि आतल्या स्पंजी हाडाला १.३७, ही जोडी प्रबंधामागून प्रबंधात दिसते. बरोबर दहापट! खरे हाड दिशेनुसार बदलते, आणि निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या साठीच्या माणसाच्या वरच्या जबड्याचे मागचे हाड या जोडीत बसेलच असे नाही. शिवाय मॉडेलच्या लाल-निळ्या चित्रात जो वॉन मिसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एक आकडा) दाखवतात, तो तन्य (तुटण्याआधी ताणला जाणारा) धातू कधी नमेल हे सांगण्यासाठी बांधलेला आहे. स्क्रूसाठी तो योग्यच. हाडासाठी मुख्य स्ट्रेस (सर्वाधिक ओढ आणि दाब) किंवा स्ट्रेन (आकारातला बदल) पाहणे अधिक बरोबर. चित्रात इम्प्लांटच्या मानेभोवती लाल कडे दिसते खरे, आणि कठीण थरात भार तिथेच एकवटतो हे कितीतरी मॉडेलांनी दाखवले आहे. पण त्या लाल रंगावरून हाड झिजेल की टिकेल हे ठरत नाही.

१९९० च्या दशकाच्या शेवटी सीबीसीटी (जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) आली आणि चित्र पालटले. त्याआधी जबडा म्हणजे बहुतेक वेळा एक चौकोनी ठोकळा. आता रुग्णाच्या स्कॅनमधून खरा आकार उचलता येतो. तिरके इम्प्लांट, आखूड इम्प्लांट, झिर्कोनियाचे (सिरॅमिकचे) इम्प्लांट, एका पुलाखाली चार आधार अशा सगळ्या तुलना यानंतर वाढल्या. आकार खरा झाला, पण हाडाचा कडकपणा आपोआप खरा झाला नाही. सीबीसीटीच्या करड्या छटा वैद्यकीय सीटीच्या आकड्यांइतक्या भरवशाच्या नसतात. यंत्रागणिक आणि चित्रातल्या जागेगणिक त्या बदलतात. त्यांवरून थेट लवचिकता गुणांक (कडकपणाचा आकडा) काढणे म्हणूनच अजून वादात आहे, आणि इथल्या लॅबमध्येही बहुतेक वेळा आकार स्कॅनचा आणि आकडे जुन्याच जोडीचे असा मेळ घातला जातो.