एकसर-समांतरच्या सूत्रांमागची जुनी भानगड

दहावीत रोधाची (करंटला होणाऱ्या अडथळ्याची) गणितं करताना एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीला नुसती बेरीज मारली की झालं, पण समांतरला, म्हणजे करंटला वेगवेगळ्या फांद्या असतील तर, प्रत्येकाचं 1 भागिले करा, बेरीज घ्या आणि शेवटी परत उलटं करायला विसरलात की मार्क गेले. ही सूत्रं मुळात आली कुठून हे कोणी सांगायचं नाही.

एकसरची बेरीज तर ओहमच्या पहिल्याच सूत्रात लपलीये. जॉर्ज ओहम जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवायचा. बॅटरी लावून प्रयोग करायला गेला तर करंट एका जागी टिकेचना, सारखा ढासळायचा. मग 1826 मध्ये त्याने बिस्मथ-तांब्याचा थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्यांतल्या तापमानाच्या फरकावर वीज देणारी जोडी) घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात, म्हणजे करंट ढकलणारा जोर (व्होल्टेज) कायम तेवढाच. 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत तांब्याच्या 8 तारा एकेक करून लावल्या आणि चुंबकसुई किती वळते ते मोजलं. निघालं असं की करंट म्हणजे एक ठराविक आकडा भागिले (बाकीच्या सर्किटचा रोध, तोही तारेच्या लांबीत मोजून, अधिक तारेची लांबी). छेदातलं ते अधिकचं चिन्ह बघा, एकसर जोडणी म्हणतात ती हीच! जर्मनीत त्याला फारसं कोणी विचारलं नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोपली पदक दिलं तेव्हा कुठे भाव आला.

समांतर जोडणीतल्या फांद्यांचा हिशोब नीट नियमात बसवला गुस्ताव किरचॉफ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, 1845 मध्ये, कोनिग्जबर्गला शिकत असताना, वय 21. सांध्यात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, बस. 12 व्होल्टवर 6 आणि 3 ओहम समांतर लावले तर एकातून 2 अँपिअर, दुसऱ्यातून 4, एकूण 6, म्हणून परिणामी रोध 2 ओहम. ते उलटं-सुलटं करणं म्हणजे करंटचीच बेरीज आहे.

पण याचा खरा कस लागला तो दिव्यांत. रस्त्यावरचे आर्क दिवे (दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीवर जळणारे) एकसर असायचे, एक गेला की सगळी लाइन बसायची भीती (दिवाळीतल्या जुन्या माळा आठवा), म्हणून बंद दिव्याला वळसा घालून करंट पुढे जाईल अशी वेगळी पळवाट बसवावी लागे. घराघरात असलं काय चालणार? एडिसनला समांतरच हवं होतं, पण 1 ओहमचे 100 दिवे समांतर लावले की रोध उरतो 0.01 ओहम आणि वीज दिव्यांपेक्षा रस्त्यातल्या तारांतच जास्त खर्च होते, नाहीतर तांबं इतकं जाड घ्या की दिवाळं निघेल. म्हणून 1879 मध्ये त्याने मुद्दाम जास्त रोधाची, 100 ओहमच्या आसपासची, कार्बनची बारीक फिलामेंट (दिव्यातली तापून उजळणारी तार) केली, असे 100 दिवे लावले तरी 1 ओहम राहतो. 4 सप्टेंबर 1882 ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरच्या त्याच्या वीज स्टेशनातून सुमारे 400 दिवे 110 व्होल्टवर पेटले. आता एखाद्याने आपला दिवा मालवला तरी शेजाऱ्याचा चालूच, फक्त एकूण रोध किंचित वाढायचा आणि स्टेशनातून निघणारा करंट तेवढा कमी व्हायचा.