आर्ट नाइट थर्सडे, मुंबई

दक्षिण मुंबईतील कुलाबा, काळा घोडा आणि फोर्ट या भागांतल्या खाजगी कलादालनांनी महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री उशिरापर्यंत उघडे राहण्याची प्रथा. प्रवेश विनामूल्य असतो. साधारण साडेनऊपर्यंत प्रेक्षक एका दालनातून निघून दुसऱ्यात पायी जाऊ शकतो. २०१० नंतरच्या दशकात ही प्रथा रूढ झाली. तिचे इंग्रजी नावच मराठी बोलण्यातही चालते. ‘कला-रात्र’ हा शब्द कधीमधी छापून येतो, पण कुणी मित्राला फोन करून ‘कला-रात्रीला येतोस का’ असे विचारत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मुंबईतली कलादालने एरवीही फुकटच असतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे. जहांगीर कलादालनाला किंवा कुलाब्यातल्या खाजगी गॅलऱ्यांना नाही. मग या एका रात्रीचे अप्रूप कशाला? कारण तिकीट नसले तरी वेळ आणि उंबरठा या दोन अडचणी उरतात. दालने सकाळी अकराच्या आसपास उघडतात, सहा-सातला मिटतात आणि त्यांतली बरीच रविवारी बंद असतात. म्हणजे फोर्टातल्या कचेरीत बसणारा माणूस वर्षानुवर्षे गॅलरीच्या खालून जातो-येतो, आणि त्याला वर जाता येईल अशी एकही वेळ आठवड्यात नसते.

उंबरठ्याची अडचण अधिक चिवट आहे. कुलाब्यातली दालने रस्त्यावर दिसत नाहीत. जुन्या इमारतीत शिरायचे, लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट बंद असली तर झिजलेल्या लाकडी पायऱ्या चढायच्या, खाली वॉचमनच्या ‘कुठे जायचंय?’ला उत्तर द्यायचे, वर जाऊन घंटी वाजवायची. आत पांढऱ्या भिंती, थंडगार शांतता आणि टेबलामागे लॅपटॉपमध्ये डोके घातलेली एक व्यक्ती. चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, माध्यम, आकार असतो, किंमत नसते. ती टेबलाशी जाऊन विचारावी लागते, आणि ‘घ्यायचे नसेल तर विचारायचे कसे’ या संकोचात माणूस दोन मिनिटांत बाहेर पडतो. गुरुवारी रात्री हेच दार सताड उघडे असते. जिन्यात माणसे बोलत उभी असतात, कुठे वाइनचे पेले फिरत असतात, आणि वॉचमन काही न विचारता बोटाने वरचा मजला दाखवतो. गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. नवख्याला हवी असते ती हीच मोकळीक. चित्राखाली चिकटवलेली लाल टिकली म्हणजे ते विकले गेले, हेही बहुतेकांना अशाच एखाद्या रात्री कळते.

दालनांचा हा पुंजका एका रात्रीत जमलेला नाही. काळा घोडा हे नाव ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले, तो प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा पुतळा उद्योगपती अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १८७९ मध्ये तो उभा राहिला, १९६५ मध्ये हलवला गेला आणि आज राणीच्या बागेत आहे. चौकात २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. याच परिसरातल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात १९४९ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक कलावंतांच्या गटाचे प्रदर्शन भरले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्या गटाचे सहा संस्थापक. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाले. केकू आणि खुर्शीद गांधी यांनी १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी काढली. त्यांचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटींचा, आणि गॅलरीला नावही त्या धंद्याचेच मिळाले. २००७ मध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर गेली. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८ हे दालन एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. चॅटर्जी अँड लाल, झवेरी कंटेम्पररी, मिरचंदानी + स्टाइनऱ्युके ही दालने गेटवेच्या मागच्या गल्ल्यांतली. काळ्या घोड्यापासून तिथवर पंधरा-वीस मिनिटांची चाल.

या भागातल्या दुसऱ्या दोन उपक्रमांशी या रात्रीची गल्लत होते. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. तो रस्त्यावरचा आणि प्रचंड गर्दीचा आहे, त्यात चित्रापेक्षा फोटो काढण्याची घाई अधिक. मुंबई गॅलरी वीकेंड २०१२ मध्ये सुरू झाला. तो वर्षातून एकदा येतो आणि संग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. गुरुवारची रात्र या दोन्हींपेक्षा लहान आहे. या महिन्यात चुकली तर पुढच्या महिन्यात येते, हाच तिचा गुण.

परदेशातल्या अशा रात्रींशी तुलना केली की एक उणीव ठळक होते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराच्या पायोनियर स्क्वेअरमध्ये १९८१ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कलाफेरी होते. तिथे जुन्या गोदामांत चित्रकारांचे स्टुडिओ असल्याने प्रेक्षक गॅलरीइतकाच कामाच्या जागेतही डोकावतो. मुंबईच्या कलापरिसरात चित्रे लागतात, रंगवली मात्र क्वचितच जातात. इथले भाडे चित्रकाराला परवडत नाही. तो उपनगरातल्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतो, दोघा-तिघांत वाटून घेतो, किंवा घरच्या बैठकीच्या खोलीत रात्री जेवणे आटोपल्यावर कॅनव्हास लावतो. त्यामुळे ‘ओपन स्टुडिओ’, म्हणजे चित्रकाराने कामाची जागा लोकांना पाहायला खुली ठेवणे, हा प्रकार मुंबईत या गुरुवारपासून वेगळा, तुटक, कुणी बोलावले तर होणारा राहिला आहे. पन्नास-साठच्या दशकांत ब्रीच कँडीला समुद्रालगतच्या भुलाभाई देसाई मेमोरिअल इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन, गायतोंडे, नसरीन मोहमदी यांचे स्टुडिओ एकाच छताखाली होते. रविशंकरांची संगीतशाळा तिथेच आणि नाट्यदिग्दर्शक अल्काझींचे नाटकही तिथेच. तसे पुन्हा जमले नाही. आज सामान्य मराठी घरातल्या माणसाने स्टुडिओ पाहिलेला असतो तो बहुधा सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात, भाच्याचे किंवा शेजारच्या मुलीचे काम बघायला गेल्यावर. टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले फसलेले कॅनव्हास, चहाच्या ग्लासात चुकून बुडवलेला ब्रश यांतले काहीच गुरुवारच्या गॅलरीत नसते. तिथे येते ते पुरे झालेले, चौकटीत बसलेले काम.

मराठी चित्रकारांचे या रात्रीशी नाते थोडे तिरके आहे. त्यांच्या बोलण्यात अजूनही ‘जहांगीर मिळाले’ हेच यश असते. तिथली तारीख मिळायला काही वर्षे थांबावे लागते. मग आठवडाभराचे प्रदर्शन, गावाहून आलेले नातेवाईक, पेढे, आणि संध्याकाळी सातला बंद. जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः चित्रांजवळ खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याशी मराठीत बोलतो. खाजगी दालनात चित्रकार दालनाने निवडलेला असतो, प्रदर्शन महिना-दीड महिना चालते आणि माहितीचा कागद इंग्रजीत असतो. दार रात्री उघडे ठेवले तरी तो कागद इंग्रजीतच राहतो. ही तक्रार क्षुल्लक नाही: अमूर्त चित्रासमोर गोंधळलेल्या माणसाला आधाराला दोन ओळी लागतात, आणि त्या त्याच्या भाषेत नसतील तर तो चित्राऐवजी इमारतीच्या जुन्या फरशांचे कौतुक करून परततो. अर्थात त्या फरशाही कौतुक करण्याजोग्याच असतात.

पायी फेरीचा क्रम कुठेही ठरवून दिलेला नसतो. लांबून येणाऱ्यांनी सुरुवात कुलाब्याच्या टोकाकडून करून उत्तरेकडे यावे. शेवटचे दालन फोर्टात पडले तर चर्चगेट किंवा सीएसएमटी पायी गाठता येते, आणि भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानकही आता जवळ आहे. उलट क्रमाने गेलेला डोंबिवलीकर नवाच्या ठोक्याला रीगल सिनेमासमोर टॅक्सीला हात करत उभा असतो, आणि त्याचे राहून गेलेले दालन नेमके पाठीमागच्या गल्लीत असते.