व्हिडिओवर डॉक्टर नको कोणाला?

अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) लोक टेलिहेल्थ, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवणं, वापरतच नाहीत, त्यांचा त्यावर विश्वासच नाही, हा समज अजून फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याने दोष रुग्णाच्या माथी मारला जातो याचा मला राग येतो.

2021 मध्ये तिथल्या जनगणना विभागाने घरोघरच्या लोकांना विचारलं. टेलिहेल्थ घेणाऱ्यांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा जास्तच निघालं. फरक पडला तो पुढे. टेलिहेल्थ घेणाऱ्या गोऱ्यांपैकी सुमारे 62 टक्क्यांना डॉक्टर व्हिडिओवर भेटले, कृष्णवर्णीयांत 54, लॅटिनोंत 51. बाकीच्यांची भेट नुसत्या फोनवर.

फोनवर सुजलेला घोटा दिसत नाही. अंगावरचं पुरळ शब्दांत सांगावं लागतं, इंग्रजी नीट न येणाऱ्याला तर तेही परक्या भाषेत, नाहीतर दुभाषा लाईनवर येईपर्यंत ताटकळत.

स्मार्टफोन म्हणाल तर तो सगळ्यांकडे जवळपास सारखाच आहे. घरचं ब्रॉडबँड मात्र नाही: प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2021 च्या पाहणीत गोऱ्यांत ते 80 टक्के, कृष्णवर्णीयांत 71, लॅटिनोंत 65. मोबाईलचा डेटा मोजून वापरणारा माणूस व्हिडिओ कॉल टाळणारच. म्हणून नुसत्या फोनवरच्या तपासणीचे पैसे विम्याने देणं थांबवलं, तर आधी दार बंद होईल ते याच लोकांचं.