चष्मा आहे म्हणून डॉक्टर सही करत नाहीत?

‘चष्मा लागला की पायलटच्या मेडिकलवर कुठलाच डॉक्टर सही करत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

गैरसमज होणं साहजिक आहे. हवाई दलातल्या वैमानिकांसाठी नजरेचे निकष फार कडक असतात, आणि घरोघरी तेच ऐकलेलं असतं. हौशी म्हणजे खासगी परवान्याची गोष्ट वेगळी. त्याला दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. तिचा आंतरराष्ट्रीय निकष असा: प्रत्येक डोळ्याची दूरची नजर किमान ६/१२, चष्म्याशिवाय किंवा चष्म्यासह. म्हणजे निकोप डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता आलं पाहिजे. चष्मा लावून उडायचं असेल, तर जादा चष्मा सोबत ठेवावा लागतो, इतकंच. रंग ओळखण्याची चाचणी मात्र निराळी. तिथे चष्म्याचा संबंध नाही.

मग डॉक्टर नकार का देतात? बहुतेक जण आधी फॅमिली डॉक्टरकडे जातात. त्यांना ही सही करण्याचा अधिकारच नसतो. तो फक्त सरकारमान्य वैमानिक-तपासनीस डॉक्टरांना असतो. नकाराचं खापर बिचाऱ्या चष्म्यावर फुटतं!

पडताळणी सोपी आहे. चष्म्याच्या दुकानात एकेक डोळा तपासून नजरेचा आकडा (चष्म्याचा नंबर नव्हे, ६/१२ सारखा) लिहून घ्या. तपासनीसांची यादी विमान वाहतूक नियामकाच्या संकेतस्थळावर मिळते. फोन करताना ‘दुसऱ्या वर्गाची तपासणी करता का?’ एवढं स्पष्ट विचारा.