अमेरिकेतला फ्युनरलचा नियम आणि नाकारता न येणारी फी: पार्श्वभूमी

अमेरिकेत फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करून देणाऱ्यांकडे, चौकशीला गेलं की छापील प्राइस लिस्ट हातात मिळाली पाहिजे, ती घरी न्यायची मुभा पाहिजे, आणि शवपेटी बाहेरून आणली तरी त्यांनी ती जादा पैसे न मागता घेतली पाहिजे. हे हक्क आज सगळीकडे एकत्रच सांगितले जातात, पण ते एकदम मिळालेले नाहीत. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्रीय आयोगाचा (पुढे नुसतं 'आयोग') मूळ नियम 1984 चा, आणि त्याला आजचं रूप आलं 1994 मध्ये. त्या वर्षीचा एक निर्णय समजून घेतल्याशिवाय आजची बिलं कळतच नाहीत, म्हणून इथे बाकीचं भरभर सांगून त्यावर जास्त लिहितोय.

आधी थोडं मागचं. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात लांबच्या रणांगणावरून सैनिकांचे देह घरी पाठवायला एम्बामिंगचा, म्हणजे देह काही दिवस टिकावा म्हणून त्यात रसायनं भरायचा, धंदा उभा राहिला, आणि फसवणुकीच्या तक्रारीही लगेच सुरू झाल्या. 1865 च्या मार्चमध्ये युद्धखात्याला एम्बामिंग करणाऱ्यांसाठी आदेश काढून परवाने घ्यायला लावावे लागले. पुढच्याच महिन्यात खून झालेल्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला गेला, वाटेत शहरोशहरी लोकांनी दर्शन घेतलं, आणि एम्बामिंग म्हणजे काय ते घराघरात कळलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सुस्थिर धंदा झाला होता आणि दर लावायची पद्धतही ठरून गेली होती: शवपेटीवर एकच आकडा, त्यात हॉल, गाडी, एम्बामिंग, माणसांचे पगार सगळं आलं. कुठल्या गोष्टीचे किती ते विचारायचं नाही, विचारलं तरी सांगायचं नाही.

1963 मध्ये या धंद्यावर एक पुस्तक आलं आणि धमाल खपलं, 1964 मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. ज्या घरात कालच माणूस गेलंय ते घर चार दुकानं फिरून भाव करत नाही, दुसऱ्यांदा विकत घेताना शहाणं व्हावं तर ती वेळ वर्षानुवर्षं येत नाही, आणि देह एकदा एका ठिकाणी नेला की तिथून उठून दुसरीकडे जाणं बहुतेकांना जमत नाही. बाजारातली नेहमीची स्पर्धा इथे चालत नाही ती यामुळे, आणि माझ्या मते सरकारने यात पडायला हे कारण पुरेसं होतं.

तरी नियमाचा प्रस्ताव यायला 1975 उजाडलं. धंद्यातल्या संघटनांनी जोर लावला, सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या, आणि 1980 मध्ये संसदेने कायदा करून आयोगाचे हात बांधले: दर उघड करायला लावा, खोटं सांगण्यावर आणि जबरदस्तीवर बंदी घाला, एका वस्तूसाठी दुसरी गळ्यात मारू देऊ नका, यापलीकडे फारसं जायचं नाही. त्यामुळे दर किती असावेत हा प्रश्न कायमचा बाहेर राहिला आणि दर दिसावेत एवढाच आत आला. 1982 मध्ये नियम जाहीर झाला, कोर्टात गेला, तिथे टिकला आणि 30 एप्रिल 1984 पासून पूर्ण लागू झाला.

त्यातल्या तरतुदी बारकाईने बघितल्या की कशाकशावर लोकांना गंडवलं जात होतं ते दिसतं. एम्बामिंग काही विशिष्ट परिस्थिती सोडल्यास कायद्याने सक्तीचं नाही हे प्राइस लिस्टमध्ये लेखी सांगायचं. थेट दहन करायचं असेल तर शवपेटी घ्यावीच लागते असं सांगायचं नाही, साधा खोका किंवा तसलंच काही उपलब्ध ठेवायचं. रबरी गॅस्केट लावलेली सीलबंद पेटी देह दीर्घकाळ टिकवते असं म्हणायचं नाही, कारण ती टिकवत नाही. आणि पेट्यांच्या दरांची यादी पेट्या दाखवायच्या आधी दाखवायची. ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण खोलीत शिरल्यावर नजरेसमोर आधी महागड्या पेट्या आल्या की मधल्या किमतीची पेटीसुद्धा स्वस्त वाटायला लागते, हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

आता मुद्द्याचं. 1984 च्या नियमामुळे एकच आकडा फुटून वेगवेगळे दर झाले, आणि पेटी फ्युनरल होमकडूनच घ्यायची सक्ती करता येईना. हळूहळू बाहेर पेट्या विकणारे आले, बरेच स्वस्तात. तेव्हा फ्युनरल होमवाल्यांनी नवीन फी काढली, कास्केट हँडलिंग फी. बाहेरून पेटी आणलीत ना, मग ती उतरवून घ्यायचे, तपासायचे, सांभाळायचे इतके डॉलर. समजा बाहेर पेटी 800 ला मिळतेय आणि त्यांच्याकडे 1,500 ला, तर हँडलिंग फी 700 लावायची, म्हणजे गिऱ्हाइकाला बाहेर जाऊन काही फायदाच नाही. कागदावर सक्ती नाही, प्रत्यक्षात आहे.

1994 च्या दुरुस्तीत आयोगाने ही फी बंद केली, आणि इथपर्यंत सगळ्यांना आनंदच आहे. पण धंदेवाल्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं ते बघावं लागेल. इमारत, दिवसरात्र फोन उचलणारी माणसं, गाड्या, कागदपत्रं हा खर्च पेटी कुठलीही असली तरी होतोच, आणि तोवर त्यातला मोठा वाटा पेटीवरच्या नफ्यातून निघत होता. पेटी बाहेरची आली की तो वाटा भरायचा कोणी? आयोगाचं उत्तर असं: तो सगळ्यांवर सारखा टाका. म्हणून नियमात एक, आणि एकच, अशी फी ठेवली जी गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही, ती म्हणजे बेसिक सर्व्हिसेस फी. इतर कुठल्याच वस्तू-सेवेच्या दरात न धरलेला ओव्हरहेड, म्हणजे धंदा चालवायचा वरखर्च, तिच्यात घालायची परवानगी दिली. धंद्यातली एक संघटना कोर्टात गेली, आणि 1994 मध्येच अपील कोर्टाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला.

गोंधळ इथूनच सुरू होतो. या फीला कमाल मर्यादा नाही, कारण दर ठरवायचा अधिकारच 1980 ला गेलेला. जी रक्कम आधी पेटीत लपलेली होती ती आता एका ओळीत दिसते हे खरं, पण ज्या नियमाचा गाभाच 'हवं ते घ्या, नको ते सोडा' असा आहे त्याच्या मधोमध एक न सोडता येणारी ओळ बसली. कमी खर्चात उरकू पाहणारं घरसुद्धा ती भरतं. त्यातही एक पेच आहे. थेट दहन, तात्काळ दफन, देह दुसऱ्या गावी पाठवणं किंवा तिथून स्वीकारणं, या चार पॅकेजच्या दरात ही फी आधीच धरलेली असते, वरून वेगळी लावता येत नाही. बाकी सगळ्या ठिकाणी ती वेगळी लागते, किंवा दुकानदाराने ठरवलं तर पेटीच्या किमतीत घालता येते. त्यामुळे दोन ठिकाणच्या याद्या शेजारी ठेवून तुलना करायला बसलात तर आधी ही फी कुठे लपलीय ते शोधावं लागतं, आणि हे त्या दिवसांत कोण करणार.

माझं मत सरळ आहे, हँडलिंग फी काढणं बरोबरच होतं, पण तिच्या जागी जी फी मोकळी सोडली तिला काहीतरी कुंपण हवं होतं. अजून एक गोष्ट त्याच दुरुस्तीत निसटली: फोनवर दर विचारणाऱ्याला 'आमच्याकडे दरांची माहिती मिळते' हे आपणहून सांगायची अट 1994 ला काढून टाकली. विचारलं तर सांगायचं, एवढंच उरलं. आणि बाहेरची पेटी आणणाऱ्याला वेगळी वागणूक द्यायची वाटही पूर्ण बंद झाली नाही, कारण पेटीसकट पॅकेज घेणाऱ्याला डिस्काउंट देता येतो. डिस्काउंट खरा असेल तर चालतो, आधी सुटे दर फुगवून मग कमी केल्यासारखं दाखवलं तर नाही, पण हा फरक काउंटरपलीकडे उभ्या माणसाला कसा कळायचा?

पेटी बाहेरून आणता येते, पण ती विकू कोण शकतो हे राज्यांचे कायदे ठरवत होते. काही राज्यांत पेटी विकायला फ्युनरल डायरेक्टरचा परवाना लागायचा, म्हणजे एम्बामिंगचं शिक्षण घेतलेल्यानेच लाकडी खोका विकायचा. टेनेसीचा असा कायदा केंद्रीय अपील कोर्टाने 2002 मध्ये रद्द केला, ओक्लाहोमाचा तसाच कायदा दुसऱ्या अपील कोर्टाने 2004 मध्ये वैध ठरवला. मग लुइझियानातल्या एका मठातले साधू पुढे आले. 2005 च्या कतरिना वादळात त्यांच्या जंगलातली झाडं पडली, उत्पन्न गेलं, तेव्हा ते स्वतः वापरायचे तसल्या साध्या पेट्या बनवून विकायला लागले, 1,500 आणि 2,000 डॉलरला. राज्याच्या मंडळाने थांबवलं, साधू कोर्टात गेले आणि 2013 मध्ये जिंकले. एका धंद्याला स्पर्धेपासून वाचवणं एवढाच हेतू असेल तर तो कायदा टिकत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

अंमलबजावणीची गोष्ट मात्र निराश करणारी आहे. आयोगाने गिऱ्हाईक बनून तपासणी सुरू केली, पण 1996 मध्ये धंद्यातल्या संघटनेबरोबर अशी व्यवस्थाही केली की पकडल्या गेलेल्याने प्रशिक्षण घ्यायचं, सरासरी वार्षिक विक्रीच्या 0.8 टक्के रक्कम सरकारजमा करायची, आणि त्याचं नाव जाहीर होणार नाही. ज्या नियमाचा सगळा जोर माहिती उघड करण्यावर आहे तो मोडणाऱ्याचं नाव झाकून ठेवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

2008 मध्ये फेरविचार संपला आणि नियम होता तसाच ठेवला. तोवर लोक सगळे दर इंटरनेटवर बघायला लागले होते, पण वेबसाइटवर दर टाकायची सक्ती त्यात आली नाही. 2022 मध्ये आयोगाच्याच कर्मचाऱ्यांनी सुमारे 200 वेबसाइट बघितल्या तर 60 टक्क्यांहून जास्त ठिकाणी दरांची माहिती जवळपास नव्हतीच. त्याच वर्षी ऑनलाइन दरांबद्दल सूचना मागवल्या, 2023 च्या सप्टेंबरात कार्यशाळा झाली. फोनवरची पहिली गुप्त पाहणीही 2023 चीच: 250 हून जास्त ठिकाणी फोन केले, 38 ठिकाणी दर सांगितलेच नाहीत किंवा एकाच गोष्टीचे वेगवेगळे सांगितले. जानेवारी 2024 मध्ये 39 इशारापत्रं गेली, त्यात प्रत्येक उल्लंघनाला 51,744 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो हे लिहिलेलं होतं.

ब्रिटनने हाच प्रश्न उशिरा हातात घेतला पण एका झटक्यात पुढे गेले, 16 सप्टेंबर 2021 पासून ठरावीक नमुन्यातली दरांची यादी दुकानात आणि वेबसाइट असेल तर तिच्यावरही लावावी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्याने वेबसाइटबद्दल स्वतःची अट घातलीय, केंद्रीय नियमात ती नाही. आणि फक्त जागा विकणारी कब्रस्तानं, म्हणजे जी फ्युनरलच्या वस्तू आणि सेवा दोन्ही विकत नाहीत, ती 1984 पासूनच या नियमाच्या बाहेर आहेत.